वाहने अनेक, विवेक एक

शनिवार, २० डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात एका वीज उपकेंद्राला आग लागली आणि सुमारे एक लाख ३० हजार ग्राहकांचा वीजपुरवठा खंडित झाला. शहराच्या मोठ्या भागातील सिग्नल बंद पडले. माणसांच्या हाती असलेल्या गाड्या एकमेकांचा अंदाज घेत कशाबशा पुढे सरकत राहिल्या. ‘वेमो’ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सी मात्र अनेक चौकांत जागच्या जागी थबकल्या. त्यांच्यामागे वाहने खोळंबली आणि अखेर कंपनीला त्या संध्याकाळी आपली सेवाच थांबवावी लागली.

कंपनीने नंतर दिलेले स्पष्टीकरण मुळातून समजून घेण्यासारखे आहे. सिग्नल बंद असेल तर चौकात थांबावे, इतरांना वाट द्यावी आणि आपली पाळी आली की निघावे, हा नियम या गाड्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी अशा सात हजारांहून अधिक बंद सिग्नलांमधून त्या पारही झाल्या. परंतु काही वेळा, अधिक खात्रीसाठी, गाडी दूरच्या नियंत्रण केंद्रातील माणसाला प्रश्न विचारते आणि त्याच्या होकाराची वाट पाहते. एरवी असे प्रश्न विखरून येतात. त्या संध्याकाळी ते एकाच वेळी आले, उत्तरांना विलंब झाला आणि तोवर गाड्या उभ्या राहिल्या. म्हणजे यंत्राला नियम ठाऊक नव्हता असे नाही, आणि उत्तर देणाऱ्या माणसाने चूक केली असेही नाही. कोलमडली ती या दोहोंमधील व्यवस्था.

या घटनेत कोणी दगावले नाही, म्हणून ती वाहतूक कोंडीच्या बातमीपुरती उरली. तथापि तिने पुढे आणलेला प्रश्न एका शहरापुरता किंवा एका कंपनीपुरता नाही. एक माणूस आणि त्याच्या देखरेखीखाली स्वतःहून चालणारी, उडणारी किंवा पाण्यात संचार करणारी अनेक वाहने, असे चित्र लष्करापासून मालवाहतुकीपर्यंत सर्वत्र रेखाटले जात आहे. त्या माणसावर किती वाहनांचा भार टाकावा, आणि कोणत्या हिशेबाने, हा आता केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न राहिलेला नाही.

‘मानवरहित’ हा शब्द फसवा

मुळात ‘मानवरहित’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. अमेरिकी हवाई दलाचे ‘प्रिडेटर’ विमान मानवरहित म्हणून ओळखले गेले. पण ते उडवण्यासाठी जमिनीवरील कक्षात एक वैमानिक आणि कॅमेरे सांभाळणारा दुसरा कर्मचारी बसत असे. एखाद्या प्रदेशावर चोवीस तास नजर ठेवायची तर पाळ्यांमधील वैमानिक, देखभाल कर्मचारी, चित्रफितींचे विश्लेषक आणि संपर्क सांभाळणारे असे दीडशेहून अधिक लोक लागतात, असा त्या दलाचाच हिशेब होता. विमानात माणूस नव्हता, इतकेच. विमानामागे माणसांची फौज होती.

साहजिकच हे प्रमाण उलटे करण्याची आकांक्षा निर्माण झाली. एका यंत्रामागे अनेक माणसे, याऐवजी एका माणसामागे अनेक यंत्रे हवीत. त्यात खर्चाची बचत आहे, मनुष्यबळाची बचत आहे आणि रणांगणावर संख्येचे बळही आहे. मालवाहू ड्रोन उडवणाऱ्या किंवा चालकविरहित टॅक्सी चालवणाऱ्या कंपन्यांचे तर सारे अर्थकारण याच एका प्रमाणावर उभे आहे. प्रत्येक गाडीसाठी नियंत्रण केंद्रात एक माणूस बसवायचा असेल, तर त्याला गाडीतच बसवणे काय वाईट, असा प्रश्न भागधारक विचारणारच.

ही आकांक्षा पूर्ण व्हायची तर माणसाचे काम बदलावे लागते. त्याने सुकाणू हातात धरून चालत नाही. उद्दिष्ट सांगून बाजूला व्हावे लागते. या कार्यपद्धतीला ‘पर्यवेक्षी नियंत्रण’ म्हणतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजेच ‘एमआयटी’मधील थॉमस शेरिडन आणि विल्यम व्हरप्लँक यांनी १९७८ मध्ये समुद्राखालील यंत्रांच्या नियंत्रणाचा अभ्यास करताना माणूस आणि संगणक यांच्यातील कामाच्या वाटणीच्या दहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर सर्व काही माणूस करतो. दहाव्या पायरीवर संगणक सारे ठरवतो आणि माणसाला विचारतही नाही. खरी मेख मधल्या पायऱ्यांवर आहे. ‘तुम्ही हो म्हणालात तरच करीन’ ही एक पायरी, आणि ‘तुम्ही ठरावीक वेळेत नाही म्हणाला नाहीत तर करीन’ ही तिच्या पुढची. दोन्ही ठिकाणी माणूस उपस्थित आहे, असे कागदोपत्री म्हणता येते. पहिल्या ठिकाणी मात्र त्याच्या मौनाचा अर्थ नकार होतो आणि दुसऱ्या ठिकाणी होकार. एवढ्या एका फरकावर कोणाचे आयुष्य अवलंबून असू शकते.

यंत्राचे गणित, माणसाचा हेतू

संगणकाकडे नियोजन सोपवण्यास सबळ कारण आहे. एकाच विमानाला दहा ठिकाणांची पाहणी करायची असेल, तर ती ठिकाणे कोणत्या क्रमाने घ्यावीत याचे ३६ लाख २८ हजार ८०० पर्याय संभवतात. विमाने पाच असतील, ठिकाणे वीस असतील, एकाचे इंधन कमी असेल, दुसऱ्याचा कॅमेरा रात्री काम करीत नसेल आणि काही ठिकाणी ठरावीक वेळेतच पोहोचायचे असेल, तर हा हिशेब कोणत्याही माणसाच्या आवाक्याबाहेर जातो. संगणक मात्र काही क्षणांत एक बऱ्यापैकी चांगले वेळापत्रक पुढे ठेवू शकतो.

तथापि ‘चांगले’ कशाला म्हणावे, हे त्याला कोणीतरी आधी सांगितलेले असते. शोधमोहिमेत एखाद्या डोंगरकड्यावर माणसाची चाहूल लागली तर बाकीची नऊ ठिकाणे बाजूला ठेवावीत, हा निर्णय गणिताचा नाही. तो हेतूचा आहे. हेतू प्रसंगानुसार बदलतो आणि तो बदल सर्वप्रथम माणसाला जाणवतो. म्हणून माणूस आणि स्वयंचलित नियोजन यांनी मिळून काम करावे, एकाने दुसऱ्याला हुसकावू नये, या दिशेने संशोधन सुरू झाले.

या संशोधनात मेरी कमिंग्ज यांचे नाव आदराने घेतले जाते. अमेरिकी नौदलात लढाऊ विमाने उडवलेल्या कमिंग्ज पुढे ‘एमआयटी’मध्ये संशोधक झाल्या. २०१० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एकेका व्यक्तीला पडद्यावर अनेक मानवरहित वाहनांची देखरेख सोपवण्यात आली. वेळापत्रक संगणक तयार करीत असे. माणसाने ते जुन्याशी ताडून पाहायचे आणि स्वीकारायचे, नाकारायचे किंवा त्यात फेरफार सुचवायचा. संगणक नवे वेळापत्रक किती वेळाने पुढे करतो, हे मुद्दाम बदलण्यात आले. काहींना दर अर्ध्या मिनिटाला विचारणा होई, काहींना दोन मिनिटांनी.

निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. वारंवार विचारणा झाली तेव्हा कामाचा ताण वाढला आणि कामगिरी घसरली. म्हणजे माणसाला अधिकाधिक निर्णयांत सहभागी करून घेतले की देखरेख आपोआप अधिक चांगली होते, हा समज टिकला नाही. ज्यांचा कामाचा वेग संगणकाच्या विचारणेच्या वेगाशी जुळला त्यांना काम साधले. ज्यांचा जुळला नाही ते मागे पडले. माणसाला केव्हा विचारावे आणि केव्हा विचारू नये, हे ठरवणे हाच अशा व्यवस्थेच्या रचनेचा गाभा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकांत नेमकी हीच गोष्ट बिघडली होती. ज्या प्रश्नांची उत्तरे बहुतेकदा गाड्यांकडेच होती, ते प्रश्न माणसांकडे गेले. आणि तेही सर्वांचे एकदम.

रांग कोठे लागते?

एक माणूस किती वाहने सांभाळू शकेल, याचे एक सुटसुटीत गणित अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे डॅन ओल्सेन आणि मायकेल गुडरिच यांनी २००३ मध्ये मांडले. एखादे वाहन माणसाच्या मदतीविना किती वेळ नीट चालते आणि नंतर त्याच्याकडे किती वेळ लक्ष द्यावे लागते, या दोहोंच्या प्रमाणावर ही संख्या ठरते. वाहन नऊ मिनिटे स्वतःहून चालत असेल आणि मग त्याला एक मिनिट लक्ष लागत असेल, तर एक माणूस दहा वाहने सांभाळू शकेल.

हिशेब चोख आहे. मात्र वाहने शहाण्या मुलांसारखी एकामागून एक हात वर करतील, असे त्यात गृहीत धरलेले आहे. दहाही वाहनांनी एकाच क्षणी मदत मागितली, तर शेवटच्या वाहनाची पाळी नऊ मिनिटांनी येते. उंच आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानाला नऊ मिनिटे कदाचित परवडतील. चौकाच्या मधोमध उभ्या असलेल्या गाडीला किंवा बॅटरी संपत आलेल्या ड्रोनला ती परवडणार नाहीत. शिवाय एका वाहनावरून दुसऱ्या वाहनाकडे वळताना तेथे नेमके काय चालले आहे, हे समजून घ्यायलाही वेळ लागतो. कमिंग्ज यांनी पुढे या गणितात अशा प्रतीक्षेचा हिशेब मिळवला. प्रत्यक्ष कामाचा वेळ, रांगेतला वेळ आणि परिस्थितीचे भान हरपल्यामुळे वाया गेलेला वेळ, असे तिन्ही धरले की एका माणसाच्या वाट्याला येणारी वाहनांची संख्या कमी होते. ती वाढवण्याचा अट्टहास धरला तर एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत होते.

खरा धोका याहून खोल आहे. संकटे सहसा सुटी येत नाहीत. वीज जाते ती साऱ्या शहराची. धुके पडते ते सगळ्या धावपट्टीवर. शत्रूने उपग्रहाकडून येणाऱ्या स्थाननिर्देशक संदेशांत अडथळा आणला, तर त्या टापूतील सर्वच ड्रोन एकदम भांबावतात. एकाच प्रकारची, एकाच संगणकप्रणालीवर चालणारी वाहने अडखळतात तीही एकाच जागी. त्यामुळे सरासरी दिवसाच्या अनुभवावरून ठरवलेले मनुष्यबळ नेमके नको त्या घटकेला अपुरे पडते. पूल बांधताना अभियंता नदीची सरासरी पातळी पाहत नाही, महापुराची पातळी पाहतो. एका माणसामागे किती वाहने, हे ठरवताना मात्र अजून सरासरीचाच आधार घेण्याकडे कल दिसतो.

शांततेचा धोका

भार जास्त झाला की माणूस चुकतो, हे कोणालाही पटते. भार फार कमी झाला तरीही तो चुकतो, हे चटकन पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या ब्रिटिश कर्मचाऱ्यांच्या नजरेतून खुणा का निसटतात, याचा शोध मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी घेतला. १९४८ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की एकसुरी देखरेखीत अर्ध्या तासातच लक्ष लक्षणीयरीत्या ढळते. हा दोष आळशी माणसांचा नाही, तो माणसाच्या मनाचा धर्म आहे.

ब्रिटिश संशोधक लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये या विषयातील विसंगतीवर अचूक बोट ठेवले. सोपी कामे यंत्राकडे दिली की माणसाकडे उरतात ती यंत्राला न जमणारी कठीण कामे. ती करण्यासाठी लागणारा सराव मात्र सोप्या कामांबरोबरच निघून गेलेला असतो. तासन् तास नुसते पाहत बसलेल्या माणसाला अचानक सांगितले जाते, की आता यंत्राचे काही चालत नाही, तूच सांभाळ. हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच आहे. कमिंग्ज यांच्याच एका प्रयोगात चार तासांच्या, फारसे काही न घडणाऱ्या देखरेखीत सहभागी व्यक्तींचे लक्ष बराच काळ भलतीकडेच असल्याचे आढळले.

याचे प्रत्यक्ष उदाहरण २५ एप्रिल २००६ च्या पहाटे अमेरिका-मेक्सिको सीमेवर, अॅरिझोना राज्यातील नोगालेस शहराजवळ घडले. सीमेवर गस्त घालणाऱ्या ‘प्रिडेटर बी’ विमानाच्या वैमानिकासमोरचे नियंत्रण-मेज अचानक गोठले. त्याने नियंत्रण शेजारच्या मेजावर घेतले. पहिल्या मेजावर जी दांडी इंजिनाचे इंधन नियंत्रित करीत होती, तीच शेजारच्या मेजावर तोवर कॅमेऱ्याच्या कामासाठी वापरली जात होती. नियंत्रण बदलताना दोन्ही दांड्यांची स्थिती जुळवून घ्यावी, ही यादीतील सूचना पाळली गेली नाही. इंधन बंद झाले, इंजिन थांबले आणि विमान कोसळले. जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही, हे सुदैव. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकाच्या चुकीची नोंद केली. पण तेथेच न थांबता या विमानांची रचना, प्रशिक्षण आणि देखरेख यांविषयी २००७ मध्ये २२ शिफारशी केल्या. एका विमानाच्या बाबतीत एका वैमानिकाची ही अवस्था झाली. दहा विमानांच्या बाबतीत काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

होकार की नुसता शिक्का?

‘अंतिम निर्णय माणसाच्याच हाती राहील’ असे आश्वासन प्रत्येक सरकार आणि प्रत्येक कंपनी देते. या आश्वासनाची परीक्षा इराक युद्धात झाली. मार्च २००३ मध्ये अमेरिकी ‘पॅट्रियट’ क्षेपणास्त्रप्रणालीने तळावर परतणाऱ्या ब्रिटिश ‘टोर्नेडो’ विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले आणि त्यातील दोघे हवाई कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, २ एप्रिल रोजी, याच प्रणालीने अमेरिकी नौदलाचे ‘एफ-१८’ विमान पाडले. त्याचाही वैमानिक प्राणांस मुकला. ‘टोर्नेडो’च्या प्रकरणात प्रणाली चालवणाऱ्या सैनिकांकडे विचार करायला जेमतेम मिनिटभर होते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या विज्ञान मंडळाने २००५ मध्ये नमूद केले, की या प्रणालीची कार्यपद्धती बव्हंशी स्वयंचलित होती आणि सैनिकांना तिच्या संगणकीय निष्कर्षांवर विश्वास ठेवण्याचेच प्रशिक्षण मिळाले होते. माणूस तेथे होता. पण त्याच्याकडे वेळ नव्हता, वेगळी माहिती नव्हती आणि नकार देण्याची सवयही नव्हती. अशा माणसाचा होकार म्हणजे नंदीबैलाने डोलावलेली मान.

असा माणूस आणखी एका कामी येतो. दोष द्यायला. अॅरिझोनातील टेंपी येथे १८ मार्च २०१८ रोजी ‘उबर’ कंपनीच्या, चाचणीसाठी धावणाऱ्या स्वयंचलित मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. चौकशीत दिसून आले, की गाडीच्या यंत्रणेला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच आढळली होती; परंतु समोर नेमके काय आहे, याचा तिचा अंदाज सतत बदलत राहिला. गाडीतील देखरेख कर्मचाऱ्याचे लक्ष त्या वेळी भ्रमणध्वनीकडे होते. हा अक्षम्य हलगर्जीपणा होता, यात शंका नाही. पण पूर्वी अशा गाडीत दोन कर्मचारी असत आणि अपघातापूर्वी काही महिने कंपनीने ती संख्या एकावर आणली होती. कर्मचाऱ्यांवरील अपुरी देखरेख आणि यंत्रावर विसंबून येणारा गाफीलपणा रोखण्याची व्यवस्था नसणे, हे दोषही सुरक्षा मंडळाने कंपनीच्या पदरात घातले. फौजदारी खटला मात्र उभा राहिला तो एकट्या कर्मचाऱ्यावर. २०२३ मध्ये गुन्हा कबूल केल्यावर त्याला तीन वर्षांची परिवीक्षा झाली. दोनाचे एक करणारा निर्णय कोणत्याही न्यायालयापुढे आला नाही.

याचा अर्थ माणूस हटवून सारे यंत्रावर सोपवावे, असाही नाही. आणि माणूस असला की सारे ठीक, असाही नाही. २१ फेब्रुवारी २०१० रोजी अफगाणिस्तानातील उरुझगान प्रांतात तीन वाहनांच्या ताफ्यावर अमेरिकी हेलिकॉप्टरांनी हल्ला केला. त्यात २३ पर्यंत निरपराध नागरिक ठार झाल्याचे अमेरिकेच्या चौकशीत आढळले. त्या ताफ्यावर नजर ठेवून होते ते एक ‘प्रिडेटर’ विमान, आणि ते चालवणारे पथक नेवाडातील तळावर बसले होते. फ्लोरिडातील विश्लेषकांनी ताफ्यात मुले दिसत असल्याचे कळवले होते. पथकाने त्या माहितीचे गांभीर्य कमी करून पुढे पोहोचवले. तेथे संगणकाने कोणताही निर्णय घेतला नव्हता. भारतालाही असा अनुभव आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे हवाई दलाचे ‘एमआय-१७’ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले; त्यात हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक प्राणांस मुकले. ही मोठी चूक होती, हे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी मान्य केले. तात्पर्य, भरवसा एकट्या यंत्रावर ठेवून चालत नाही आणि एकट्या माणसावरही नाही. एकाची चूक दुसऱ्याला वेळेत दिसेल आणि ती थांबवता येईल, अशी रचना असावी लागते.

आपल्या दारातील प्रश्न

भारतासाठी हा विषय आता परका उरलेला नाही. १५ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीतील लष्कर दिनाच्या संचलनात ७५ ड्रोनच्या थव्याचे प्रात्यक्षिक झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेकडून ३१ ‘एमक्यू-९बी’ विमाने घेण्याचा करार झाला. त्यांपैकी १५ नौदलाला आणि प्रत्येकी आठ लष्कराला व हवाई दलाला मिळायची आहेत. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे सरकारने सांगितले. त्या संघर्षात लष्कराची ‘आकाशतीर’ ही स्वयंचलित हवाई संरक्षण नियंत्रणप्रणाली वापरली गेली. शेकडो खुणा एकाच वेळी पडद्यावर उमटतात, तेव्हा त्यांची वर्गवारी यंत्रानेच करावी लागते. म्हणूनच ‘पॅट्रियट’चा धडा येथे लागू पडतो.

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी संबंध जवळचा आहे. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेली ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोननिर्माती कंपनी नवी मुंबईतील. ‘नागास्त्र’ हे लक्ष्यावर घिरट्या घालून हल्ला करणारे ड्रोन नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाचे. त्याची पहिली खेप २०२४ मध्ये लष्कराला मिळाली. नागरी जीवनातही २०२० च्या ‘स्वामित्व’ योजनेखाली गावठाणांची मोजणी ड्रोनने होत आहे, तर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यावयाचे आहेत. आज ही कामे बहुतांशी एक चालक आणि एक ड्रोन अशी चालतात. उद्या एकाच तालुक्याच्या आकाशात एका चालकाचे दहा ड्रोन असतील. त्या दहांच्या आकड्याला आधार कोणता, हे विचारण्याची वेळ ते उडण्यापूर्वीची आहे.

आकडा कोणी ठरवला?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या निर्देशात, बळाचा वापर करताना ‘योग्य प्रमाणात’ मानवी विवेक वापरता यावा, असे म्हटले आहे. योग्य म्हणजे किती, हे त्यात आकड्यांत सांगितलेले नाही आणि एकाच निर्देशात ते सांगता येणेही कठीण. परंतु काही कसोट्या नक्कीच लावता येतात.

पहिली कसोटी अशी, की एका माणसामागील वाहनांची संख्या शांत दिवसाच्या सरासरीवर ठरवू नये. सर्व वाहने एकदम मदत मागतील त्या घटकेवर ठरवावी आणि ती परवाना देणाऱ्या यंत्रणेपुढे उघडपणे मांडली जावी. दुसरी अशी, की उत्तर मिळाले नाही तर वाहन काय करील, हे आधीच ठरलेले असावे. ड्रोनने मोकळ्या जागी उतरावे, मोटारीने रस्त्याच्या कडेला जावे. मधोमध थबकणे हा निर्णय नव्हे, निर्णयाचा अभाव आहे. शस्त्रांच्या बाबतीत तर मौनाचा अर्थ नकार असाच धरला पाहिजे. तिसरी कसोटी अशी, की होकार मागितला जातो त्या माणसाकडे विचार करण्याएवढा वेळ, यंत्राहून वेगळी माहिती आणि नकार दिल्याबद्दल शिक्षा होणार नाही याची हमी असावी. त्याच्या हाताला सराव राहावा म्हणून काही कामे यंत्राने मुद्दाम त्याच्याकडे ठेवावीत.

यातील प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. पाळीवर जास्त माणसे ठेवावी लागतात, त्यांना विश्रांती द्यावी लागते आणि बहुतेक दिवस त्यांतील काही जण रिकामे बसलेले दिसतात. अग्निशमन दलाचे जवान आग नसताना बसून असतात, म्हणून कोणी त्यांची संख्या आगींच्या सरासरीवर ठरवत नाही. स्वयंचलित वाहनांचा लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्या लाभाची किंमत नियंत्रण केंद्रातील खुर्चीवर बसलेल्या एकट्या माणसाकडून आणि रस्त्यावरच्या अनोळखी नागरिकाकडून वसूल होणार, की हा आकडा ठरवणाऱ्यांकडून. अपघातानंतरच्या चौकशीत ‘त्या वेळी कोण पाहत होते’ हे आजही विचारले जाते. त्याच्या जोडीला ‘त्याच्यावर इतकी वाहने कोणी सोपवली’ हेही विचारले जाईल आणि त्याचे उत्तर देणे कायद्याने बंधनकारक ठरेल, तेव्हाच अंतिम निर्णय माणसाच्या हाती असल्याच्या आश्वासनाला अर्थ येईल.